शाल, मांजरपाट आणि काचेची पेटी

आमच्या नागपुरात प्राणवायूच्या पेटीची भीती लोकांच्या मनातून ज्याने काढली म्हणे, त्याचा भर सभेत शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. ती शाल माझ्या दुकानातली होती. घासाघीस करून नेलेली होती. आणि सत्कार माझा नव्हता, माझ्या व्याह्यांचा होता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मधेच माझा आवाज का चढतो ते कळेल.

गांधीबागेत माझं कापडाचं ठोक दुकान. वडील हातमागावर बसायचे. मी सायकलच्या कॅरिअरला गठ्ठा बांधून बाजारोबाजार फिरलो आणि फिरत फिरत दुकानाच्या गादीवर येऊन बसलो. शाळेने मला फार काही दिलं नाही. गिऱ्हाइकांनी एक गोष्ट दिली: पहिला भाव कधीच खरा नसतो, मग तो सुरतेच्या अडत्याने सांगितलेला असो की देवाने.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. दुकानात कापडाची गाठ फोडताना तिची लोखंडी पट्टी उजव्या पायाच्या करंगळीला लागली. साखरेच्या आजाराने पाय बधिर झालेला, त्यामुळे मला पत्ताच नाही. संध्याकाळी गादीच्या पांढऱ्या खोळीवर लाल डाग दिसले तेव्हा मी नोकरावर ओरडलो, "पान खाऊन कोण थुंकलं रे इथे?"

"शेठ," तो म्हणाला, "तुमचाच पाय थुंकून राहिला."

महिनाभरात करंगळी काळी पडली आणि जखम तळव्याकडे सरकायला लागली. सर्जनने पाय उजेडात धरून पाहिला आणि घोट्याच्या वर बोट ठेवलं. "इथून काढावा लागेल."

"थोडं कमी करा," मी म्हणालो.

"काय कमी करा?"

"घोटा जास्त होते, डॉक्टरसाहेब. करंगळी घ्या अन् विषय मिटवा."

"शेठजी, मी पाय विकत घेत नाहीये."

"मग मी तरी कुठे विकून राहिलो?"

 सर्जनने खुर्ची ओढून मला समजावलं. जखम भरायला प्राणवायू लागतो. तो रक्तातून येतो. माझ्या पायाच्या बारीक नसा चोंदल्या आहेत, रक्त तिथवर पुरतं पोचत नाही, म्हणून मांस मरत चाललंय. धंतोलीत नौदलातून निवृत्त झालेला एक डॉक्टर आहे, त्याने प्राणवायूची पेटी आणून बसवली आहे. मग म्हणाला, त्याने तुम्हाला घेतलं तर मी आत्ता फक्त करंगळी काढतो आणि थांबून बघतो. पण जखम भरली नाही, तर घोटा. मग एक शब्द बोलायचा नाही.

"मान्य," मी म्हणालो. बाहेर येऊन मात्र जिन्यावर बसलो आणि दोन्ही पाय पुढे पसरून पाहिले. दुकानात गादीवर मांडी घालून बसावं लागतं. मांडी घालायला पाय दोन लागतात.

धंतोलीचा डॉक्टर उंच, ताठ, नखशिखांत पांढऱ्या कपड्यांतला माणूस. त्याची पेटी म्हणजे काचेसारख्या जाड पारदर्शक नळ्याचा पलंग, एका टोकाला भलंमोठं लोखंडी दार. खोल समुद्रातून घाईने वर आलेल्या पाणबुड्या माणसांना तो म्हणे अशाच पेट्यांत घालून बरा करायचा. मी म्हटलं, मी कधी अंबाझरी तलावातही उतरलो नाही, माझा काय संबंध? त्याने टेबलाखालून गोळी सोड्याची बाटली काढली.

"यात वायू दिसतो का?"

"नाही."

त्याने अंगठ्याने गोळी आत दाबली. सोडा फसफसून त्याच्या पांढऱ्या बाहीवर आला. "मग हा कुठे होता? पाण्यात विरघळलेला होता, दाबामुळे. पेटीत आपण शुद्ध प्राणवायू भरतो आणि दाब वाढवतो. तुम्ही श्वास घेता, आणि नेहमीपेक्षा कितीतरी जास्त प्राणवायू तुमच्या रक्ताच्या पाण्यात विरघळतो."

मी विचार केला. "म्हणजे असं म्हणा. आमच्या गल्लीत ट्रक शिरत नाही, माल हमालाच्या डोक्यावरून येतो. हमालाच्या डोक्यावर एकच गाठ मावते. दुसरी ठेवली तर तो पडते."

"बरोबर. रक्तातल्या लाल पेशी म्हणजे ते हमाल. ते आधीच भरलेले असतात."

"अन् गल्ली इतकी चोंदली की हमालही शिरत नाही. पण माल पाण्यातच विरघळला, तर पाणी कुठेही झिरपते."

डॉक्टरने खिशातून पेन काढून हे टिपून घेतलं. पुढे भर सभेत ही उपमा त्याने स्वतःची म्हणून सांगितली. ते जाऊ द्या.

मग त्याने नियम सांगितले. शुद्ध प्राणवायूत एक ठिणगी पडली तर संपलंच, म्हणून आत जाताना डोक्याला तेल नाही, अत्तर नाही, घड्याळ, अंगठी, आगपेटी काही नाही. टेरिलिन, लोकर नाही, अंगावर फक्त सुती. आणि आत काय, बाहेर काय, तंबाखू पूर्ण बंद, कारण तंबाखूने नसा आणखी आवळतात.

"खर्राही?"

"खर्राही."

"अर्धा?"

"शून्य."

"जेवण झाल्यावर, नुसता चिमूटभर?"

"शून्य."

"डॉक्टरसाहेब, तुम्ही धंद्यात एक दिवस टिकले नसते."

"आणि ही जादू नाही," तो म्हणाला. "साखर ताब्यात ठेवायची, जखम साफ ठेवायची, औषधं घ्यायची, आणि त्याच्या जोडीला ही पेटी. कोणाला गुण येतो, कोणाला येत नाही. मी वचन देत नाही." आयुष्यात पहिल्यांदा मला असा विकणारा भेटला की जो आपल्याच मालाचे दोष आधी सांगत होता. मला भीती वाटली आणि विश्वासही वाटला.

घरी सगळे जमले. महाल भागातून माझे व्याही आले, म्हणजे मुलीचे सासरे. निवृत्त मुख्याध्यापक. महालात त्यांचा शब्द म्हणजे शाळेची घंटा. भर मे महिना, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं आणि हे गृहस्थ मोजे आणि कॅनव्हासचे बूट घालून. घरात आल्यावरही काढले नाहीत. शिस्त म्हणे.

पेटीचं वर्णन ऐकून घेतलं आणि म्हणाले, "व्याहीबुवा, माणूस शेवटी पेटीत जातोच. घाई काय आहे?"

सगळं घर हसलं. जावई हसला. माझी मुलगी पदर तोंडाला लावून हसली. मी उठून जाणार होतो, पण उठायला पाय चांगला हवा.

हसून झाल्यावर त्यांनी माझी उलटतपासणी सुरू केली. आत कान दुखतात का? श्वास कोंडतो का? घाबरलं तर मधेच दार उघडतात का? टाचेची जखमही भरते का? मी म्हटलं, जखम करंगळीची आहे, टाचेचं काय विचारता? तर म्हणाले, सर्वसाधारण जिज्ञासा.

करंगळी गेली. तिचं मी दुःख केलं नाही. घोट्यापासून सुरू झालेला सौदा तात्पुरता करंगळीवर आला होता आणि ह्या भावात तो टिकवायचा होता.

पेटीचा पहिला दिवस. डॉक्टरने मला अंगात घालायला झगा दिला. पांढरा, कोरा, खळीच्या वासाचा. हात लावताच ओळखलं, मांजरपाट. तो घालून मी सरकत्या फळीवर आडवा झालो, त्यांनी मला नळ्यात सरकवलं आणि दार लावलं. आणि काचेबाहेर माझ्या बायकोने जो हंबरडा फोडला तो मला ऐकू आला नाही, पण तिचं वासलेलं तोंड दिसलं.

ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी सांगतो. आमच्याकडे कोरं मांजरपाट अंगावर घेऊन आडवं कोण होतं? मयत. दुकानात कोणी खालच्या आवाजात मांजरपाट मागितलं की आम्ही काही विचारत नाही. तो भाव करत नाही, मी वाढवून सांगत नाही. टर्रकन फाडायचं आणि हातात द्यायचं. जन्मभरात घासाघीस न करता मी विकलेलं तेवढं एकच कापड.

डॉक्टरने घाबरून पेटीचा फोन तिच्या हातात दिला.

"काहून रडून राहिली वं? मी जिता आहो!" मी आतून ओरडलो.

"तुम्ही बोलू नका!" ती म्हणाली. "तुम्ही बोलून राहिले तर मले अजून भेव वाटते!"

दाब वाढायला लागला. गरम झालं, कानांत कोणी बोळे कोंबल्यासारखं वाटलं. नाक चिमटीत धरून जोर केला, आवंढे गिळले, तसे कान फट्‌ करून मोकळे झाले. मग काहीच नाही. नुसतं पडून राहायचं. गिऱ्हाईक नाही, अडत्या नाही, व्याही नाही. तास-दीड तास मी असा झोपलो की तसा लग्न झाल्यापासून झोपलो नव्हतो. बाहेर काढलं तेव्हा बायकोने आधी माझ्या नाकाशी हात धरून पाहिला.

रोज जायला लागलो. काही आठवड्यांनी जखमेच्या कडेला लाल दाणेदार मांस दिसायला लागलं, जसा कापडाला काठ धरावा तसं. सर्जन पाहून "हं" म्हणाला. सर्जनच्या "हं"ची किंमत काय असते ती ज्याचा पाय त्यालाच कळते.

माझा पाय भरत होता, पण डॉक्टरचं दुकान चालत नव्हतं. लोक यायचे आणि पळून जायचे. डॉक्टर म्हणायचा, बंद जागेची भीती आहे. त्याने भिंतीवर समुद्राचं चित्र लावलं, पंखा बसवला, सोड्याच्या बाटल्या फोडून फोडून बाह्या खराब केल्या. उपयोग शून्य. मी बाकावर बसून हे सगळं पाहत होतो, आणि न चालणारं दुकान पाहिलं की मला स्वस्थ बसवत नाही.

एक दिवस कामठी रोडचा एक ट्रकमालक आला. एवढ्या मिशा. पायाला माझ्यासारखीच जखम. पेटीवर टकटक करून म्हणाला, "चांगला माल आहे." दार किती टनांचं ते विचारलं, हसला, मला टाळी दिली. मग त्याच्या हातात घडी केलेला झगा आला. घडी उलगडली आणि मिशा खाली आल्या. "पाणी पिऊन येतो," म्हणाला. तो पाणी प्यायला बहुतेक जबलपूरला गेला.

मी ताडकन उठून डॉक्टरच्या खोलीत शिरलो. "पेटीले कोणी भेत नाही, डॉक्टरसाहेब. तुमच्या कापडाले भेतात!" बायकोचं म्हणणं आहे की हे पहिल्या दिवसापासून ती सांगत होती. तिने तिचं वेगळं लिहावं.

"पण ते शुद्ध सुती आहे," डॉक्टर म्हणाला. त्याची हयात जहाजावर गेली, पांढऱ्याशिवाय त्याला रंग माहीत नव्हता.

"शुद्ध आहे म्हणूनच तर! आमच्याकडे माणसाले शुद्ध सुती मेल्यावरच भेटते."

दुसऱ्या दिवशी मी दुकानातून छिटाचे तागे नेले. शंभर टक्के सुती, दोनदा धुऊन खळ काढलेली. गुलाबाची फुलं, आंबे, निळ्या चौकड्या, हिरव्या वेली. शिंप्याला पेटीशेजारीच बसवलं. आणि मग बघा गंमत. महालातल्या एक आजीबाई आल्या त्या पेटीकडे पाहिनातच. "हे फूल जरा बटबटीत आहे, बारीक बुट्टी नाही का?" शिंपी म्हणाला, नाही. त्या म्हणाल्या, मग हेच, पण बाही जरा लांब कर. बाहीवरून वाद घालत घालत त्या आत जाऊन झोपल्यासुद्धा. माणूस पसंतीला लागला की भ्यायचं विसरतो. हे कोणत्या कॉलेजात शिकवत नाहीत. ट्रकमालकाला मी निरोप धाडला. तो आला, चौकड्या घातल्या, आणि आतून फोनवर क्लीनरला शिव्या देत पडून राहिला.

पेटी चालायला लागली. दिवाळी झाली, थंडी पडली, माझी जखम पूर्ण बुजली. तेव्हा डॉक्टरने ठरवलं की सगळ्या शहराला हा उपचार समजावून सांगायचा. सभागृह घेतलं. प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं माझ्या व्याह्यांना.

मी जाऊन विचारलं, "काहून? बोलायले मी मेलो होतो?"

डॉक्टर संकोचला. "शेठजी, तुम्ही व्यापारी आहात. तुम्ही कौतुक केलंत तर लोक विचारतील, यात तुमचं किती? मुख्याध्यापकांवर लोक विश्वास ठेवतात."

हे खरं होतं. म्हणूनच जास्त झोंबलं.

सभेला मी तिसऱ्या रांगेत. व्यासपीठावर व्याही, खांद्यावर माझ्या दुकानातली शाल, हातात नारळ, पायांत तेच मोजे-बूट. पडद्यावर फोटो आला. माझा पाय, आधीचा आणि नंतरचा. नाव नाही, गाव नाही, नुसता पाय. डॉक्टरने हमालांची गोष्ट सांगितली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हात मांडीखाली दाबून बसलो. मग व्याही उठले. "आमच्या निकटच्या एका गृहस्थांना ह्या उपचाराविषयी शंका होती. मी आग्रह केला, की विज्ञानावर विश्वास ठेवा..."

पुढचं मला नीट आठवत नाही. मी खुर्चीवर उभा होतो एवढं लोक सांगतात.

"तो गृहस्थ मी हाव! आग्रह कोणी केला? पेटीत जायची घाई काय, असं कोण म्हणालं होतं?"

सभागृह हलून हसलं. मी तसाच व्यासपीठावर चढलो, चप्पल काढली आणि उजवा पाय टेबलावर नारळाशेजारी ठेवला. "हा घ्या तुमचा फोटो!"

मागून कोणी ओरडलं, "शेठ, एक बोट कमी हाय!"

"चार हायेत ते मोज ना गा! अन् टाच मोज, घोटा मोज! सर्जन वरूनच मागत होता!"

मग लोकांनी डॉक्टरला सोडून मलाच विचारायला सुरुवात केली. कान दुखतात का? थोडे. झोप लागते का? फार. सगळ्यांनाच गुण येतो का? नाही, आणि जो येतो म्हणेल तो लबाड. टकलावर केस येतात का? "इतके दिवस आत झोपून आलो," मी मान खाली घालून दाखवली, "तुम्हीच पाहा." एका बाईने विचारलं, नेसूचं लुगडं चालतं का? मी म्हटलं, माझ्या दुकानात या, छीट दाखवतो. यावर डॉक्टरने डोळे मिटले.

सभा संपली. नारळ व्याह्यांनी नेला, शाल त्यांनी नेली. मला पाय टेबलावरून खाली घ्यायला सांगण्यात आलं.

सभागृह रिकामं झालं तरी व्याही खुर्चीवरून उठले नाहीत. मला वाटलं, आता भांडण होणार, आणि मी तयारच होतो. ते म्हणाले, "व्याहीबुवा, जरा दार लोटा." मी लोटलं. त्यांनी खाली वाकून उजवा बूट काढला. मग मोजा सोलला. टाचेला रुपयाएवढी जखम, कडा काळसर.

"केव्हापासून?"

"उन्हाळ्यापासून. घरी कोणाला माहीत नाही. सर्जनकडे एकटाच जाऊन आलो."

"काय म्हणाला?"

त्यांनी घोट्याच्या वर बोट ठेवलं. भाव तोच होता.

मी खाली बसून त्यांची टाच उजेडाकडे वळवून पाहिली. मे महिन्यातले मोजे आठवले, टाचेविषयीची जिज्ञासा आठवली. हा माणूस माझ्या घरी थट्टा करत बसला होता तेव्हा बुटात त्याचा पाय जळत होता. राग कुठे ठेवावा ते मला कळेना. थोडा पुढच्यासाठी बाजूला ठेवला.

डॉक्टरने तपासून घेतलं. वचन दिलं नाही, पण घेतलं. मुख्याध्यापकांसाठी झगा मी स्वतः निवडून नेला. दुकानात बारीक पट्टे होते, शोभले असते. मी गुलाबी कापडावर हिरव्या पोपटांची छीट नेली.

"दुसरी काही डिझाइन नव्हती?"

"शंभर टक्के सुती, सर. विज्ञानावर विश्वास ठेवा."

बाहेर डिसेंबरची थंडी होती, ते शाल लपेटूनच आले होते. लोकर आत चालत नाही. इकडेतिकडे पाहिलं, खुंटी नव्हती. नाइलाजाने त्यांनी ती माझ्या हातात दिली. "जरा धरा."

त्यांना आत सरकवलं, दार लागलं. मी पेटीशेजारी स्टुलावर बसलो, शाल नीट उलगडून खांद्यावर घेतली आणि फोन उचलला. तास-दीड तास हा माणूस कुठे जाऊ शकत नव्हता. मी मे महिन्यापासून सुरुवात केली. पेटीत जायची घाई काय, इथून. मग जावई कसा हसला ते, मग छिटाचं, मग तिसऱ्या रांगेचं. ते पोपटांमध्ये पडून नाक चिमटीत धरून कान मोकळे करत होते. दर वेळी कान मोकळे झाले की मी पुन्हा पहिल्यापासून सांगायचो.

मधेच त्यांचे ओठ हलले. मी फोन कानाला नीट लावला.

"व्याही," ते म्हणाले, नुसतं व्याही, बुवा नाही. "वाचेल ना हो पाय?"

डॉक्टर वचन देत नाही, मी कोण देणारा? पण धंदा मला माहीत आहे.

"घोटा हा त्याचा पहिला भाव आहे," मी म्हणालो. "पहिला भाव कोणी देते का? आपण खाली आणू. तुम्ही तोंड बंद ठेवून श्वास घ्या."

त्यांनी डोळे मिटले. थोड्या वेळाने घोरायला लागले. मग मी फोन ठेवला आणि शाल कानांवरून ओढून घेतली. माल चांगला होता. उगाच कमी भावात दिला.

बाहेर आल्यावर त्यांनी पहिली गोष्ट कोणती केली असेल तर शाल परत मागितली.